डावीकडे लॉकर, उजवीकडे दार

बातमी याकूबभाईंच्याच फोनवरून आली. स्क्रीनवर त्यांचं नाव, खाली व्हॉइस नोट, आणि आवाज रुखसानाभाभींचा. "भाईजान, हे गेले. दुपारी. हॉस्पिटलात आहे मी. तुम्ही या." एवढंच. मग कुणाच्या तरी चपला घासत गेल्याचा आवाज, एक दार बंद झालं, आणि नंतर बराच वेळ काहीच नाही, बहुधा रेकॉर्डिंग थांबवायचं राहून गेलेलं… याकूबभाईंना ही नोट संपादित करायला दिली असती तर त्यांनी शेवटची ती शांतता कापली नसती. "ती ठेवायची," ते म्हणत. "माणूस तिथंच ऐकतो."

याकूब तांबे दाभोळ खाडीच्या काठच्या गावचे. चिपळूणला आयटीआयमध्ये काही वर्षं त्यांनी शिकवलं, मग सौदी अरेबियात आले. आधी तबूकला बांधकामावर इलेक्ट्रिशियन, नंतर रियाधच्या दक्षिणेला अल खर्जमधल्या एका मोठ्या दूध प्रकल्पात देखभाल विभागात, आणि शेवटी तिथेच प्रशिक्षण अधिकारी. गेली काही वर्षं त्यांचं काम एकच होतं, कामगारांसाठी सुरक्षिततेचे ऑनलाइन धडे तयार करणं. आठ-दहा मिनिटांचा धडा, शेवटी चार प्रश्न, मग सर्टिफिकेट. असे धडे जगभर बनतात आणि ते बहुतेक कुणी बघत नाही. याकूबभाईंचा धडा लोकांनी पाहिला, पुन्हा पाहिला, आणि वेळ आली तेव्हा तो पाळला. हे कसं घडलं ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

दूध थंड ठेवायला अमोनिया लागतो. प्रकल्पातल्या सगळ्या शीतगृहांना तो पाइपांतून फिरतो, आणि गळती झाली तर पहिल्या काही श्वासांतच डोळे आणि घसा बंद होतात. म्हणून कामावर आलेल्या प्रत्येकाने अमोनियाचा धडा पुरा करायचा, असा नियम. याकूबभाई त्या विभागात आले तेव्हा बाहेरून विकत घेतलेला एक धडा चालू होता. त्यात पिवळ्या टोप्या घातलेली गोरी चित्रं एका हिरव्यागार देशातल्या कारखान्यात शिस्तीने चालत होती आणि एक गंभीर आवाज शुद्ध इंग्रजीत सूचना देत होता. खाली सात भाषांत पाट्या. कामगारांच्या वसतिगृहात हा धडा कसा पुरा होतो, हे याकूबभाईंना पहिल्याच आठवड्यात कळलं. खोलीत ज्याचं इंटरनेट चांगलं तो सगळ्यांचे फोन गोळा करी, आवाज बंद करी, आणि चहा पिता पिता एकेकाचा धडा पुढे ढकलत नेई. उत्तरं सगळ्यांना पाठ. कंपनीच्या अहवालात शंभर टक्के कामगार प्रशिक्षित.

रुखसानाभाभींनी तो धडा एकदा स्वयंपाकघरात ऐकला. त्या शेरी मासळीचे तुकडे तळत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हा बाप्या कोण? ह्याला कधी घाम आला असेल असं वाटत नाय."

मग ड्रिल झाली. पूर्वसूचना न देता भोंगा वाजवायचा आणि लोक किती वेळात बाहेर पडतात ते पाहायचं. उत्पादन विभागातून बाहेर येणारा रस्ता एका ठिकाणी फुटतो. डावीकडे लॉकरची खोली, उजवीकडे बाहेरचं दार. धड्यात स्पष्ट सांगितलं होतं की सामान घ्यायला जाऊ नका. सुटकेसवर लाल फुली मारलेलं चित्रही होतं. भोंगा वाजला आणि जवळजवळ सगळे डावीकडे पळाले. कॅमेऱ्यात दिसतं ते असं, पांढऱ्या डगल्यांतली माणसं अरुंद खोलीत घुसताहेत, कुलपं उघडताहेत, एकमेकांना कोपरं मारताहेत. खरी गळती असती तर वायू सर्वांत आधी त्याच खोलीत भरला असता.

नंतर याकूबभाईंनी एकेकाला विचारलं, की बाबा, सामान सोडायचं म्हणून सांगितलं होतं ना? बिष्णू नावाच्या नेपाळी ऑपरेटरने जे उत्तर दिलं त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. तो म्हणाला, "सर, सामान तो किसी ने नहीं लिया. इकामा लिया."

इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, खिशातलं छोटं कार्ड. हल्ली तो फोनवरही असतो, पण अन्नाच्या कारखान्यात फोन, पाकीट, अंगठी, काहीच आत नेता येत नाही. म्हणजे कार्ड लॉकरमध्ये आणि फोनही लॉकरमध्ये. इथे आलेल्या माणसाच्या अंगात पहिल्या महिन्यात एक सवय भिनते, ती ही, की पोलिस कधीही मागतील, इकाम्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि धडा त्याच माणसाला सांगत होता, दाराबाहेर पळ. सुटकेसवरच्या फुलीशी त्याचा काही संबंधच नव्हता.

याकूबभाई ड्रिलचं चित्रण घरी घेऊन आले. मी त्या आठवड्यात त्यांच्याकडेच अल खर्जला होतो. रियाधला एका कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी, त्याआधी रत्नागिरीला वर्तमानपत्राच्या डेस्कवर. त्यामुळे याकूबभाई मला नावाने कधी हाक मारत नसत. "बघ पत्रकार," ते म्हणाले, "तो चौथा पळतोय तो ओळख." टोपी आणि मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता. चाल मात्र ओळखीची होती, डावा खांदा किंचित पुढे. ते स्वतःच होते. ड्रिलची वेळ त्यांनीच ठरवलेली, भोंगा त्यांनीच वाजवायला लावलेला, आणि आवाज कानावर पडताच ते सगळ्यांबरोबर डावीकडे वळले होते.

मला वाटलं ते हे चित्रण पुसतील. ते हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, भाभी पाणी घेऊन आल्या. "अगो, हे बघ तुझा सेफ्टी ऑफिसर," ते म्हणाले. भाभींनी पाहिलं आणि विचारलं, "मग?" याकूबभाईंनी माझ्याकडे बोट केलं. "झालं. पहिलं वाक्य मिळालं."

नवा धडा तिथून सुरू होतो. कसलंही शीर्षक नाही. भोंगा, पळणारी माणसं, मग चित्र थांबतं, चौथ्या माणसाभोवती लाल वर्तुळ, आणि याकूबभाईंचा हिंदी आवाज: "ये जो भाग रहा है, ये मैं हूँ. मेरा काम है आपको सिखाना कि इधर नहीं भागना."

छोट्या छोट्या भागांचा हा धडा पुरा व्हायला सबंध हिवाळा गेला. याकूबभाईंच्या दोन खोल्यांच्या घरात एक अडगळीची जागा होती. भाभींनी गावी न्यायला म्हणून दरवर्षी एक-दोन करून घेतलेली जाड मखमली ब्लँकेटं तिच्या चारी भिंतींना आणि दाराला टांगली, की झाला स्टुडिओ. लाल गुलाबांचं एक, मोराचं एक, बाकी तपकिरी. "ह्या खेपेला तरी ती काढा, मला न्यायचीत," असं भाभी प्रत्येक सुट्टीआधी म्हणत आणि प्रत्येक सुट्टीत ब्लँकेटं भिंतीवरच राहत. आत याकूबभाई एका स्टुलावर बसून बोलत, घामाघूम होऊन बाहेर येत, आणि तोच तुकडा स्वयंपाकघरात वाजवत. भाभी पाठमोऱ्या. कांदा चिरणं, भात वेळणं, जे चालू असेल ते चालू. ज्या वाक्याला भाभींनी वळून पाहिलं ते वाक्य राहायचं. ज्याला त्यांनी "मग?" विचारलं, तिथे भाग संपवायचा. ज्या तुकड्याला त्यांची पाठ हलली नाही तो कितीही आवश्यक माहितीचा असो, पुन्हा लिहायचा. मी एकदा हरकत घेतली. वायूचं रासायनिक वर्णन मला महत्त्वाचं वाटत होतं. भाभींची पाठ तीन वेळा हलली नाही. ते वर्णन गेलं, त्याच्या जागी कापलेला कांदा आला. "डोळ्यांत कांदा गेल्यासारखं वाटलं की समजायचं, पुढचा श्वास तिथे घ्यायचा नाही." भाभी वळल्या.

पण मुख्य अडचण तशीच होती. धडा कितीही रंगला तरी कामगाराच्या मनातला प्रश्न एकच: कार्ड जळलं, हरवलं, तर माझं काय? त्याचं उत्तर याकूबभाईंच्या हातात नव्हतं. ते कंपनीच्या मंदूबकडे होतं. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीची कामं करून आणणारा माणूस. इकामा काढणं, नूतनीकरण, हरवल्यास नवा मिळवणं, सगळं त्याच्यामार्फत. तिथले मंदूब अबू फैसल साठीचे सौदी गृहस्थ होते. हातात सदैव किल्ल्यांचा भला मोठा जुडगा, तो वाजवायची सवय, आणि खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकावर आधी खेकसायचं, मग काम करून द्यायचं, ही पद्धत. प्रकल्पातला एकही कामगार असा नव्हता ज्याला तो जुडगा ऐकून माहीत नव्हता.

याकूबभाईंनी मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख नूरा मॅडमना सांगितलं, की हा आवाज मला धड्यात हवाय, आणि त्याने कबूल करायला हवं, की कार्ड गेलं तरी नवं मिळेल. नूरा मॅडम तरुण, नेमक्या, आणि शंभर टक्क्यांच्या अहवालावर फार विश्वास नसलेल्या. त्यांनी हे वर नेलं. कायदा विभागाने नकार दिला. असं तोंडी वचन रेकॉर्ड करता येणार नाही, उद्या कुणीही मुद्दाम कार्ड टाकून देईल. याकूबभाई त्या दिवशी घरी आले ते ब्लँकेटांच्या खोलीत जाऊन नुसते बसले. धडा तयार होता, आणि तो बिनकामाचा होता, हे त्यांना माहीत होतं. पुढचा भोंगा ड्रिलचाच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं.

तोडगा अबू फैसलनीच काढला. बैठकीत त्यांना बोलावलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की आजवर हरवलेली कार्डं कोणी काढून दिली? मीच ना? मग कंपनीने काही बोलू नये, मी माझ्या नावाने बोलतो. त्यावर नूरा मॅडमनी कायदा विभागाकडे वळून विचारलं, यांनी जे आजवर केलं तेच पुढे करीन म्हटलं तर तुमची हरकत कशाला आहे? दोन आठवड्यांनी लेखी मंजुरी आली, अपघातात गेलेल्या कार्डाचा खर्च कंपनीकडे.

रेकॉर्डिंग अबू फैसलच्या गाडीत झालं, पार्किंगमध्ये, काचा वर करून. मी मागच्या सीटवर होतो. त्यांना लिहून दिलेला मजकूर ते बातम्या वाचल्यासारखा भारदस्त अरबीत वाचायला लागले. याकूबभाईंनी दोन वाक्यांनंतर कागद काढून घेतला. मग त्यांना म्हणाले, नमाजची वेळ झालीये, तुम्ही खिडकी बंद करताय, आणि एक नवा पोरगा रडवेला होऊन आलाय, की वायू सुटलाय पण कार्ड आत राहिलंय, परत आत जाऊ का? काय सांगाल त्याला?

अबू फैसलनी जुडगा आपटला. "इकामा खल्ली. यल्ला, बर्रा. अना मौजूद."

इकामा राहू दे. चल, बाहेर. मी आहे. इथल्या कामगारांची ही तुटकी अरबी बंगालीला कळते, नेपाळ्याला कळते, केरळच्या माणसाला आणि कोकणातल्यालाही कळते. सात भाषांच्या पाट्यांची गरज उरली नाही. किल्ल्यांचा आवाज मी सवयीने कापायला सांगितला. "वेडा झालास काय पत्रकार," याकूबभाई म्हणाले. "सही आहे ती त्याची."

तो तुकडा स्वयंपाकघरात वाजला तेव्हा भाभी पीठ मळत होत्या. किल्ल्या खुळखुळताच वळल्या. पुढे कित्येक दिवस याकूबभाई आवाज कमीजास्त करत तोच तुकडा वाजवत राहिले, आणि भाभींना अबू फैसल तोंडपाठ झाले. "तुमच्या त्या किल्लीवाल्याला एकदा जेवायला तरी बोलवा," त्या म्हणत. ते काही जमलं नाही.

धडा फोनवर गेला. पहिल्या आठवड्यात वसतिगृहातून तक्रार आली, की फोन गोळा करणारा माणूस आता फोन परतच देत नाही, आधी स्वतः बघतो. भाग संपताना याकूबभाई थांबत तिथे लोक पुढचा भाग लावत. जेवणाच्या रांगेत पुढे सरकायला कुणी आळस केला की मागून आवाज यायचा, "यल्ला, बर्रा." अबू फैसलच्या खिडकीशी पोरं मुद्दाम म्हणायची, "अना मौजूद?" आणि ते आतून ओरडायचे.

गळती उन्हाळ्यात झाली, भर दुपारच्या पाळीत. कॉम्प्रेसरच्या खोलीतला एक व्हॉल्व्ह निकामी झाला. भोंगा वाजला आणि या वेळी तो कुणी वाजवायला लावला नव्हता.

त्याचं चित्रण मी नंतर पाहिलं. माणसं उत्पादन विभागातून येतात, फाट्यापाशी पोचतात, आणि उजवीकडे वळतात. एकामागून एक. मध्येच एक जण थबकतो, डावीकडे पाहतो, एक पाऊल टाकतो. मागून बिष्णू येतो, त्याची बाही धरतो, त्याच्या कानाशी काहीतरी म्हणतो. कॅमेऱ्याला आवाज नाही, पण ओठ तीनदा हलतात, आणि काय म्हटलं ते प्रकल्पातलं कुणीही सांगेल. तो माणूस उजवीकडे वळतो. शेवटच्या माणसाच्या मागे दार बंद होतं. लॉकरची खोली रिकामी दिसते. काही वेळाने तिथे वरच्या झडपेतून पांढरट धूर उतरायला लागतो… रिकाम्या खोलीत, बंद कुलपांवर.

बाहेर सगळे खांबावर फडफडणाऱ्या कापडी नळीवरून वारा कुठून येतोय ते पाहून त्याच बाजूला उभे होते. मोजणी झाली, सगळे हजर. दोघांचे डोळे चुरचुरत होते, ते संध्याकाळी घरी. अबू फैसल उन्हात धावत आले, जुडगा हातात. कुणीतरी गर्दीतून ओरडलं, "अबू फैसल, वेन इकामा?" कुठाय इकामा? "बुक्रा," ते म्हणाले. उद्या. एवढ्या मोठ्या संकटातून सुटलेली माणसं त्या एका शब्दावर हसत राहिली. कार्डं दुसऱ्या दिवशी लॉकरमधून जशीच्या तशी मिळाली, वास मात्र आठवडाभर गेला नाही.

याकूबभाईंनी ते चित्रण घरी आणलं आणि भाभींना हाक मारली. "बघ गो. एक पण डावीकडं गेला नाय." ते पुन्हा पुन्हा लावून पाहत होते, फाट्यापाशी आल्यावर हाताने हवेत उजवीकडे वळण काढत होते. त्यांच्या कामाचं याहून मोठं कौतुक कंपनीने नंतर केलं, टाळ्या झाल्या, दुसऱ्या प्रकल्पांनी तो धडा मागून नेला. पण मी त्यांना त्या संध्याकाळइतकं खूश कधी पाहिलं नाही. जेवण झाल्यावर म्हणाले, "आता माणसाला जे सोडवत नाही, त्याच्यावर धडे करायचे. बाकी सगळं माहितीपुस्तकात आहेच." त्यांनी पुढे केलेले धडे याच एका वाक्यातून निघाले.

गेल्या महिन्यात घरी, जेवण वाढत असताना, त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी गाडीत घातलं, कंपनीत कळवलं. भाभी तशाच निघाल्या, पायांत घरातल्या चपला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन जे सांगायचं ते सांगितलं. नंतर नोंदीसाठी काउंटरवरच्या माणसाने हलक्या आवाजात इकामा मागितला. त्यांचा आणि भाभींचा. दोन्ही घरी होते. भाभी पर्स उघडून बघत राहिल्या. त्यांनीच मला हे सांगितलं. म्हणाल्या, "काय बघत होते कोण जाणे. पर्समध्ये नाय हे माहीत होतं मला. घरी जाऊन आणू म्हटलं, पण ह्यांना टाकून कशी जाऊ?"

मागे किल्ल्या खुळखुळल्या.

भाभींनी त्या माणसाला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्या वळल्या. पांढऱ्या पायघोळ तोबमधले म्हातारे गृहस्थ, मान खाली, स्वयंपाकघरात ऐकलेल्या त्याच आवाजात म्हणाले, "इकामा खल्ली." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. भाभींनीच ते पुरं केलं. "अना मौजूद," त्या म्हणाल्या. अबू फैसलनी मान हलवली आणि काउंटरकडे गेले. सगळे कागद त्यांनीच केले. दुसऱ्या दिवशी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर अल खर्जच्या कब्रस्तानात दफन झालं तेव्हा वसतिगृहाच्या दोन बसगाड्या आल्या होत्या. मुलगा आदिल पुण्याहून त्याच रात्री पोचला. त्याला माती देता आली नाही, पण वडिलांना खांदा द्यायला किती माणसं होती ते त्याने ऐकलं.

भाभी आता गावी निघाल्या आहेत. जाण्याआधी त्यांनी कंपनीकडे एकच मागितलं, नव्या माणसांना तो धडा दाखवतात तिथे एकदा बसायचं आहे. नूरा मॅडम स्वतः घ्यायला आल्या. भाभींनी बरोबर ब्लँकेटं नेली. मोराचं तेवढं ठेवून घेतलं, बाकीची बिष्णूच्या हवाली केली, कारण याकूबभाईंच्या जागी आता तो आहे आणि त्याच्याकडे रेकॉर्डिंगला खोली नाही. प्रशिक्षणाच्या खोलीत मागच्या भिंतीला त्याने ती लगेच लावली, गुलाबांचं मधोमध. आम्ही त्याखालच्या खुर्च्यांवर बसलो. पुढे त्या आठवड्यात उतरलेली माणसं होती, कोरे डगले, कुणाच्या कपाळावर अजून प्रवासाची झोप. भोंगा वाजला, माणसं पळाली, चौथ्या माणसाभोवती वर्तुळ आलं. "ये जो भाग रहा है, ये मैं हूँ." पोरं हसली. भाभीही हसल्या. पुढे लॉकर आले, कांदा आला, एक माणूस कुलपाला किल्ली लावतोय तिथे याकूबभाईंचा आवाज थांबला आणि पडदा काळा झाला.

खोलीत शांतता. याकूबभाईंनी ती मोजून ठेवलेली होती.

पुढच्या रांगेतल्या एकाने मान वळवून बिष्णूला विचारलं, "फिर?"

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. "बघा," त्या म्हणाल्या, "वळला."